खेळायला मोकळी

बसमध्ये अठ्ठावीस माणसं होती. त्यातल्या पंधरा जणी खेळणार होत्या आणि उरलेली तेरा माणसं नुसतीच घाबरायला निघाली होती. ड्रेस्डेनहून पहाटे निघालेली बस हॅनोव्हरच्या जवळ आली, तरी ‘आपण जिंकणार’ हे वाक्य कोणाच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. गेल्या वर्षी सेमीफायनलला जाताना सगळे गाणी म्हणत गेले होते आणि येताना मान खाली घालून आले होते. तेव्हापासून गाणी बंद.

बायकांच्या गेलिक फुटबॉलची जर्मनीतल्या क्लबांची फायनल होती. हा आयरिश लोकांचा खेळ. बॉल हातानंही मारायचा आणि पायानंही. गोलाचे खांब वरपर्यंत गेलेले असतात. आडव्या दांडीवरून बॉल गेला तर एक पॉइंट, दांडीखालून जाळीत गेला तर तीन. हे सगळं हृषिकेशनं आपल्या आईला, म्हणजे शोभनाबाईंना, गेल्या पंधरा दिवसांत सात वेळा समजावलं होतं. त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आल्या होत्या आणि सून गोलकीपर आहे एवढं कळल्यावर बाकी नियम त्यांनी सोडून दिले होते.

“म्हणजे आपल्या कादंबरीनं बॉल आत येऊ द्यायचा नाही. एवढंच ना?”

“एवढंच, आई.”

“मग त्यात काय एवढं!” असं म्हणाल्या खऱ्या, पण पहाटे पाच वाजता सुनेच्या हातावर दहीसाखर ठेवायला त्या विसरल्या नाहीत. दही म्हणून आणलेला तो क्वार्क, म्हणजे इथला चक्का, निघाला, हे कादंबरीनं खाल्ल्यावरही सांगितलं नाही.

हृषिकेश चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. कादंबरी विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि तिचं सगळं काम इंग्रजीत चालायचं. त्यामुळे घरात येणारी जर्मन पत्रं वाचायचं खातं हृषिकेशकडे होतं. त्याच्याकडे जर्मनच्या बी-वन परीक्षेचं सर्टिफिकेट होतं आणि ते त्यानं फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. ड्रेस्डेनमधल्या मराठी मंडळींची घरभाड्याची, विम्याची, व्हिसा ऑफिसची पत्रं त्याच्याकडेच यायची. तोही चष्मा वर सारून “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, करत, तालुक्याच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनाच्या तोऱ्यात ती वाचून द्यायचा. एखादा शब्द अडला तर अंदाज करायचा, पण अंदाज आहे असं मात्र कधी म्हणायचा नाही.

तीन आठवड्यांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये, हृषिकेशच्या डोळ्यांदेखत, कादंबरी बॉलवर झेपावली आणि तिचं डोकं गोलाच्या खांबावर आपटलं. अर्धं मिनिट ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आत तिच्याशी जर्मनमध्ये भरभर काहीतरी बोलले आणि हातात एक कागद दिला. परतीच्या ट्राममध्ये तो हृषिकेशनं वाचला. त्यात मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, श्पोर्टबेफ्रायुंग, आणि पुढे तीस सप्टेंबरपर्यंत.

“श्पोर्ट म्हणजे खेळ, फ्राय म्हणजे मोकळं,” हृषिकेश म्हणाला. “खेळायला मोकळी आहेस तू!”

“आणि तीस सप्टेंबर?”

“मुदत गं. इथं प्रत्येक कागदाला मुदत असते. मॅच चोवीसला आहे, काही प्रॉब्लेम नाही.”

कादंबरीनं कागद घडी घालून पर्समध्ये टाकला, त्याआधी हृषिकेशनं सवयीनं त्याचा फोटो काढून ठेवला. मग लॅबमध्ये काम आहे म्हणून ती तीन आठवडे प्रॅक्टिसला गेली नाही, पण फायनलला मात्र येणारच म्हणाली.

मैदान गावाबाहेर होतं, एका रग्बी क्लबकडून भाड्यानं घेतलेलं. समोरच्या कडेला हॅनोव्हरचे दोनशे लोक होते, त्यांच्याकडे बिअर होती आणि भोंगेही होते. आपले तेरा लोक अलीकडच्या कडेला गोळा झाले. क्लबमधला एक आयरिश इलेक्ट्रिशियन गेल्या तीन मॅचमध्ये न धुतलेला शर्ट घालून आला होता आणि त्याच्या शेजारी कोणी उभं राहत नव्हतं. फ्राउ रिश्टर ढोल घेऊन आल्या होत्या. त्यांची मुलगी इनेस फॉरवर्डला खेळायची आणि त्या स्वतः शाळेत पी.टी. शिकवायच्या. आज त्यांना ढोल वाजवायचंही सुचत नव्हतं. काठ्या नुसत्या या हातातून त्या हातात चालल्या होत्या.

“पोटात कसंतरी होतंय,” त्या हृषिकेशला जर्मनमध्ये म्हणाल्या. त्याच्याशी त्या नेहमी सावकाश बोलत. “माझ्या वर्गातल्या पोरांसारखं झालंय मला. पोहण्याचा तास आला की निम्मा वर्ग श्पोर्टबेफ्रायुंग घेऊन येतो. आज मलाच एक हवी होती.”

ओळखीचा शब्द कानावर पडल्यावर हृषिकेश खूश झाला. “हो, हो,” तो म्हणाला. “म्हणजे निम्मा वर्ग तरी पोहतो!”

फ्राउ रिश्टर हसल्या. मग तो थट्टा करत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

“पोहत नाही,” त्या म्हणाल्या. “बाकावर बसतो. श्पोर्टबेफ्रायुंग म्हणजे खेळातून सूट. डॉक्टर लिहून देतात, की याला खेळू देऊ नका.”

 हृषिकेशनं फोन काढला, कागदाचा फोटो शोधला आणि तो शब्द पुन्हा वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. शब्द तोच होता. तीस सप्टेंबरपर्यंत खेळायला मोकळी नव्हे, तीस सप्टेंबरपर्यंत खेळायचं नाही. आणि आज चोवीस तारीख होती. मॅच सुरू व्हायला पस्तीस मिनिटं होती.

माणूस घाबरला की आधी स्वतःचं बघतो. हृषिकेशच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा कादंबरी आली नाही, ती फ्रेम आली. मग त्यानं आजवर वाचून दिलेली सगळी पत्रं आली. सुधीरचा घरभाड्याचा करार, विभावरीचं विम्याचं पत्र, त्यात आपण काय काय ठोकून दिलं असेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू झाला. आणि मग, उशिरा, त्याला खांबावर आपटलेलं डोकं आठवलं. तो ठक्क आवाज आठवला. कुठंतरी वाचलेलं आठवलं, की डोक्याला लागलेलं बरं व्हायच्या आत पुन्हा लागलं तर माणूस मैदानावरून परत येत नाही. 

गप्प बसावं, असंही त्याला वाटून गेलं. तीन आठवडे काही झालं नाही, मग आणखी एका तासात काय होणार होतं? फायनल तीन वर्षांनी आली होती. कीपर ऐनवेळी काढला तर सगळी टीम कोसळणार, आणि ते आपल्यामुळे.

“काय रे, चेहरा असा का झालाय?” शोभनाबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. ऊन लागलं.”

ऊन नव्हतंच. शोभनाबाईंनी वर आभाळाकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं.

हृषिकेश मैदानाच्या कोपऱ्याकडे निघाला. कादंबरी टीमपासून जरा लांब, बूट बांधत बसली होती. हातमोजे शेजारी गवतावर ठेवलेले. त्याला पाहून तिनं मान वर केली.

“कादंबरी, तो कागद... मी चुकीचा वाचला. त्यात लिहिलंय की खेळायचं नाही. सॉरी. म्हणजे मला आत्ता कळलं. अक्षरशः आत्ता.”

कादंबरीनं दुसऱ्या बुटाची गाठ मारली. “मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“त्या शब्दाचा अर्थ. त्याच दिवशी बघितला मी. तू आंघोळीला गेला होतास.”

 “मग बोलली का नाहीस?”

“तू म्हणालास ना, मोकळी आहेस. इतक्या ठामपणे म्हणालास. मला तेच ऐकायचं होतं, हृषी. आणि चूक झालीच तर ती तुझी होती, माझी नव्हती.” तिनं हातमोजे उचलले. “मला शब्द कळला असं कुठं कोणाला माहीत आहे? तूही विसरून जा. एका तासाचा प्रश्न आहे.”

“डोकं दुखतंय का?”

“नाही.”

“खरं सांग.”

“फायनलच्या दिवशी सगळ्यांचंच दुखतं.” ती उठली आणि उठताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला. तो आधार एरवी तिनं कधी घेतला नसता. “कोचला सांगू नकोस. शपथ आहे तुला माझी. सांगितलंस तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही.”

हे ती थट्टेनं म्हणत नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली होती, एवढं त्याला कळत होतं. ती न बोलण्याची त्याला भीती वाटली, आणि ती बोलू न शकण्याची त्याहून जास्त वाटली. ही दुसरी भीती इतकी मोठी होती, की तिच्यापुढे उभं राहायचं बळच त्याच्यात नव्हतं. तो वळला आणि कोचकडे चालू लागला. मागून “हृषी!” अशी हाक आली. त्याला पळावंसं वाटलं, पण तो चालतच गेला.

कोच नूआला आयरिश होती, पण ड्रेस्डेनमध्ये दहा वर्षं काढलेली. हृषिकेशनं फोन तिच्यासमोर धरला. तिला तो शब्द वाचायला अंदाज करावा लागला नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“हे कधीचं?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“तीन आठवडे झाले. मी चुकीचं वाचलं. मीच तिला सांगितलं की खेळायला परवानगी आहे. तिला काहीच माहीत नव्हतं.”

हे शेवटचं वाक्य कादंबरीनं ऐकलं. ती तोवर मागे येऊन उभी राहिली होती. नूआलानं नुसता हात पुढे केला. कादंबरीनं हातमोजे तिच्या हातावर ठेवले. नूआलानं इनेसला हाक मारली. आजपर्यंत इनेस एकदाही गोलात उभी राहिली नव्हती. अलीकडच्या कडेवरची तेरा माणसं हे सगळं बघत होती.  फ्राउ रिश्टर आपल्या मुलीला ते मोजे चढवताना बघत होत्या आणि त्यांच्या हातातली एक काठी खाली पडली.

कादंबरी बाकावर येऊन बसली. हृषिकेश तिच्या डाव्या हाताला बसला. उजवीकडे शोभनाबाई येऊन टेकल्या आणि त्यांनी पदरानं उगाचच तोंड पुसलं. कादंबरी मैदानाकडे बघत होती. नवऱ्याकडे तिनं मान फिरवली नाही.

“कशाला खोटं बोललास? मला माहीत होतं ते का नाही सांगितलंस?” तिनं हळूच विचारलं.

“चूक माझीच होती,” हृषिकेश म्हणाला.

 शिट्टी झाली. पहिल्या पाच मिनिटांतच हॅनोव्हरनं तीन पॉइंट घेतले आणि पलीकडून भोंगे वाजले. इनेस कशीबशी उभी होती. कडेवरची बाकीची माणसं मैदानाकडे बघत होती आणि त्यांच्यातला एकही जण हृषिकेशकडे बघत नव्हता, याचंच त्याला जास्त लागत होतं. आपण टीमचा सत्यानाश केला, असं त्याच्या मनात आलं. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित ती आत्ता गोलात उभी असती आणि एकही बॉल सोडला नसता.

तेवढ्यात डाव्या कोपऱ्यात दोघी बॉलवर भिडल्या आणि कोणाचा तरी पाय जोरात लागला. बॉल बाकाच्या दिशेनं आला, सरळ, डोक्याच्या उंचीवरून. त्या बाजूची सगळी माणसं ओरडली, वाकली. शोभनाबाईंनी तोंडावर हात घेतले. कादंबरी बसली होती तशीच बसून राहिली. क्लबची कीपर ती, पाच वर्षं बॉल अडवणारी. तिचे हात मांडीवरून हलले नाहीत. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

हृषिकेशनं दोन्ही हात आडवे घातले. बॉल त्याच्या तळहातांवर आदळला तेव्हा तिच्या गालापासून तो वीतभर लांब होता. त्या फटक्याच्या आवाजानं ती दचकली आणि मान पूर्ण वळवून त्याच्या हातांकडे बघू लागली.

“हा कुठून आला?” तिनं विचारलं.

“डावीकडून,” हृषिकेश म्हणाला.  “सरळ आला, कादंबरी. सगळ्यांनी पाहिला.”

ती त्या बॉलकडे बघत राहिली. 

“त्या बाजूचं काही दिसत नाही मला,” ती म्हणाली. “परवापासून. मला वाटलं होतं, एकदा गोलात उभी राहिले की दिसायला लागेल.”

हृषिकेश उभा राहिला. डॉक्टरला, अँब्युलन्सला, डोळ्याला जर्मनमध्ये काय म्हणतात यातलं एकही त्याला आठवेना. तो ओरडला ते मराठीतच, “अहो, कोणीतरी डॉक्टर बोलवा!” फ्राउ रिश्टरनी एकदा कादंबरीकडे पाहिलं, ढोल गवतावर ठेवला आणि फोन लावला.