एका पाहुण्याला एक नोकर

मी वेब सर्व्हर बोलतोय. कुमासी शहरातल्या अडुम बाजारात, कापडाच्या दुकानांवरच्या माळ्यावर एक यंत्र आहे, त्यात माझा मुक्काम. कुणी फोनवर आमचं पान उघडलं की दार उघडणारा मी, हवं ते हातात देणाराही मीच.

घडवणाऱ्यांनी मला दुकान चालवायच्या दोन रीती शिकवल्या. एक, पाहुण्यागणिक स्वतंत्र नोकर, स्वतंत्र खोली, स्वतंत्र चूल. दुसरी, मोजके नोकर, आणि एकेकाने दहा पाहुण्यांकडे आळीपाळीने बघायचं. माझ्यावर सोडलं असतं तर मी दुसरीच धरली असती.

पण यंत्र सांभाळणाऱ्या न्यार्कोने मला बसवलं तेव्हा शोकसंदेश लिहून घ्यायला एक जुना मदतनीसही सोबत घेतला. हा म्हातारा भला, पण एका चुलीवर दोन भांडी चढली की एकाचं मीठ दुसऱ्यात जातं. त्यामुळे बसवणाऱ्या साधनानेच परस्पर मला पहिल्या रीतीवर टाकलं. पडद्यावर तशी एक ओळ आलीही होती. न्यार्को तेव्हा तळलेली केळी खात होता.

निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. अनोळखी गावात शहाणा दुकानदार भांडवल जपूनच लावतो. फक्त इथले पाहुणे कसे बसतात, हे कुणी विचारलं नाही.

माझी मालकीण आंटी आफ्रिये. लोकांच्या घरचे अंत्यविधी ती पानावर थेट दाखवते. एका कोको व्यापाऱ्याच्या वेळी नुसते फोटो होते. लोक आले, हळहळले, गेले. थेट चित्र सुरू झालं आणि कुणी उठेनासं झालं. अंत्यविधीतून मधेच उठणं म्हणजे मेलेल्याला पाठ दाखवणं. अक्रात, लंडनमध्ये माणसं शोकाची काळी-लाल वस्त्रं नेसून फोनपुढे बसतात, फोन चार्जिंगला लावून. तेवढा वेळ माझा एकेक नोकर एकेका पाहुण्यापाशी उभा.

त्या शनिवारी सुतारमिस्त्री फ्रेमपोंग यांना अखेरचा निरोप होता. मृताजवळ एकच कॅमेरा, बाकी फोन बाहेर, असा कुळाच्या वडीलधाऱ्यांचा हुकूम. मुलगा अडोम हॅम्बुर्गला. कागदपत्रं झाली नव्हती, येता आलं नाही. सफाईची पाळी संपवून त्याने पान उघडलं, तोवर माझ्या खोल्या भरल्या होत्या.

"न्यार्को, पोराला आत घे," आंटी म्हणाली. "फोनवर रडतंय. बापाचं तोंड बघायचंय त्याला."

"कुणी उठलं तर घेईन ना, आंटी."

"उठतील कसे? तुझ्या घरचे उठत असतील."

न्यार्कोने नोकर वाढवले. जागा नव्हती, चुली एकमेकींवर चढल्या, माझा जीव घुसमटला. चित्र अडखळायला लागलं. त्याने घाईने ते मागे घेतले.

"दुसरी रीत लावतो," तो म्हणाला. "पण एकदा बंद करावं लागेल. बसलेले सगळे बाहेर फेकले जातील. आणि संदेशवाल्या म्हाताऱ्याला काढावं लागेल."

आंटीने पडद्याकडे बोट केलं. "कुळाचे चार जाणते लंडनहून बघतायत. त्यांना मी भर विधीतून उठवलं तर पुढचा अंत्यविधी मला कोण देईल?"

"मग अडोमला काय सांगू?"

"थांब म्हणावं. प्रार्थना होऊ दे."

प्रार्थना लांबली. दाराबाहेर अडोम पुन्हा पुन्हा ठोठावत होता. मला ऐकू येत होतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं. कॅमेऱ्यात सुतारमिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेली माणसं शवपेटीचं झाकण उचलायला वाकली, तेव्हा आंटी ओरडली, "उठव सगळ्यांना."

मी मेलो आणि पुन्हा जागा झालो, दुसऱ्या रीतीने. बाहेर फेकलेले रागाने परत आले, सगळे मावले. त्यांच्यात अडोमही आत आला.

झाकण बसलं होतं.

त्याने खालच्या शोकसंदेशाच्या चौकटीत एक ओळ लिहून धाडली. ती घ्यायला म्हातारा नव्हता. "असं काही इथे नाही," एवढंच मला उत्तर देता येतं, ते मी दिलं. ओळ साठवून ठेवायची मला सोय नाही. न्यार्को आता यंत्र बंद करायला उठलाय.

म्हणून तुम्हाला विनवतो. सुतारमिस्त्रींच्या घरचं कुणी भेटलं तर सांगा. अडोमने लिहिलं होतं, "पपा, मी दाराशीच होतो."