दोन डाव्या बाह्या

"माझ्या दारात खोकं ठेवायचं नाही," शिंपीणकाकूंनी चर्चच्या पाळकांना बजावलं होतं. "इतकी वर्षं खोकी भरली, आता मीच खोक्याची धनीण होऊ?"

पाळकांनी मान डोलावली. भला माणूस मान डोलावतो म्हणजे तो ऐकतोच असं नाही, हे काकूंना या वयात तरी कळायला हवं होतं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी चर्चची मंडळी गावातल्या अडलेल्या घरांना भेटी पोचवत. खोकं दाराशी ठेवायचं, दार वाजवायचं आणि ते उघडायच्या आत पसार व्हायचं. देणाऱ्याचं तोंड घेणाऱ्याने पाहू नये, म्हणजे उद्या रस्त्यात गाठ पडली तर कुणाची मान खाली जायला नको. प्रत्येक खोक्यात पोराबाळांसाठी एक गरम कोट असे आणि तो काकूंच्या मशीनवर शिवलेला असे. यंदा मात्र स्टुलावरून पडून काकूंचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला होता. मशीनवर चादर पडली होती. आईबापाविना वाढणारी नात आणि त्या, एवढंच घर. मिळवता हात तो एकच.

"आजी, आपल्याकडे येईल का गं खोकं?"

"आपण काय अडलोय?"

नातीने जुन्या कोटाची बाही खाली ओढली. ती मनगटापर्यंत काही पोचली नाही. काकूंनी नजर वळवली. नवऱ्याच्या कोटाचं कापड त्यांनी तिच्यासाठी काढून ठेवलं होतं, ते तसंच घडीत पडलं होतं.

तेवढ्यात बाहेर आवाज आला. "हळू गं बाई, हळू! पाय वाजवू नकोस!"

असं स्वतःलाच दटावणारी बाई गावात एकच होती. बेकरीवाली. तिला कुजबुजता येत नसे म्हणून सगळे तिला तोफ म्हणत.

काकूंचं पित्त खवळलं. दार उघडून खोकं तिच्या पदरात परत घालायचं, या तयारीने त्या कडीला हात लावून उभ्या राहिल्या. दार वाजलं. पाठोपाठ "अगं आई गं!" आणि धप्प!

काकूंनी दार उघडलं. तोफ पायरीवर बसली होती. गळ्यातल्या लांबलचक मफलरचं टोक खोक्याखाली अडकलं होतं.

"स्वतःच्याच मफलरवर खोकं ठेवलंस?"

"माझ्याशी बोलू नकोस. मी इथे नाहीच आहे."

"अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय, तू नाहीयेस ते."

नात खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. त्या हसण्यापायी काकूंनी तोफेला हात देऊन आत घेतलं, खोक्यासकट.

"परत ने ते."

"नेते. आधी बघ, मग शिव्या घाल."

आत निळा कोट होता. नातीने घातला आणि तिचा एक हात सरळ आला, दुसरा पाठीकडे वळला.

"मावशी, हा हात मागे बघतोय!"

काकूंनी खांद्याची शिवण चाचपली. "दोन्ही बाह्या डाव्या! कुणी शिवलं हे?"

"बेतला पोस्टमनच्या बायकोने, शिवला मी. काजं पाळकांनी केली."

"पाळकांनी?"

"बोटं टोचून टोचून चाळणी झाली त्यांची. देवाचं नाव घेत होते, पण प्रार्थनेत घेतात तसं नाही."

काकूंनी काजं पाहिली. उंदराने कुरतडल्यासारखी. पण प्रत्येक काज दोनदा गुंफलेलं, एकही धागा निसटू नये म्हणून. त्यांनी कोटाची कड डाव्या मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. जन्मभर त्यांनी लोकांचं शिवलं. शिंपिणीच्या घरी कुणी काही शिवून आणल्याचं त्यांना आठवेना.

"मग याची उजवी बाही गेली कुठे?" त्यांनी विचारलं.

तोफेने तोंडावर हात ठेवला. "गवंड्याच्या पोरीचाही असाच कोट आहे. तो चर्चच्या हॉलमध्येच आहे अजून."

"म्हणजे त्या पोरीला दोन उजव्या! चल, ऊठ. मी सांगते, तुम्ही उसवा."

"आणि हे खोकं?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. मग नातीकडे पाहून पुन्हा म्हणाल्या, "राहू दे. आलंय ते आपलंच आहे."

हॉलमध्ये त्या शिरल्या तशी मंडळी एकदम कामात गढली. कुणी रिकामी सुतळी गुंडाळू लागलं, पाळकांनी बोटांच्या पट्ट्या पाठीमागे लपवल्या. आम्ही नाही त्यातले, असे सगळ्यांचे चेहरे.

देणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही, असा नियम होता. काकूंनी तो मोडला. एकेक तोंड नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "कोट मिळाला. फार छान आहे. आता कात्री आणा."