तीन कुलपांचं तळं

एकमत या शब्दाची मला आता ओकारी येते. तळ्याच्या झडपेवर नऊ वर्षं चौकीदारी करतोय, त्यातली शेवटची दोन या शब्दाने नासवली.

कालव्याचं ताजं पाणी तळ्यात घ्यायची ही झडप. पूर्वी कुणीही यायचं आणि चाक फिरवायचं. मग बागायतदार बोंबलायचे, मासेमारांनी आमचं पाणी पळवलं. मासेमार बोंबलायचे, यांनी आमचं तळं आटवलं. दोनदा डोकी फुटली. शेवटी पाणी खात्याने सगळ्यांना एका टेबलाशी बसवून संयुक्त समिती काढली. चाकाला साखळी, साखळीच्या कडीला तीन कुलपं. एक किल्ली बागायतदारांची, एक खात्याची, एक मासेमारांची. तिन्ही निघाल्याशिवाय चाक हलायचं नाही. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! भाषणं काय, फोटो काय! एकमेकांवर काडीचा विश्वास नाही म्हणून तीन कुलपं ठोकली आणि त्याला म्हणे एकमत. हे तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. माझीही नव्हती.

मासेमारांची किल्ली माझ्या धाकट्या बहिणीकडे. चाळीस घरांना हाताशी धरून तिने तळ्यात मत्स्यबीज सोडलं होतं. वर्षभर जपलेले मासे, आठवड्याभरात जाळी पडायची होती.

त्या दिवशी सकाळी सहाला ती धापा टाकत माझ्या खोलीवर आली. "दादा, मासे वर येऊन तोंडं उघडतायत. उकाड्याने पाण्यातली हवा संपलीय. ताजं पाणी सोडलं नाही तर दुपारपर्यंत एक वाचायचा नाही."

मी जाऊन पाहिलं. अख्ख्या तळ्यावर तोंडंच तोंडं, वर येत होती, मिटत होती.

खात्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "लेखी द्या." बहिणीने लिहिलं, मी फोटो काढून पाठवला. तर म्हणे सही नीट दिसत नाही. पुन्हा पाठवला. बागायतदारांची किल्ली अण्णांकडे. त्यांच्या जिभेवर नेहमीच साखर. "सोडू की पाणी! तळं काय परक्याचं आहे? फक्त पुढचे दोन आठवडे कालव्याच्या पाण्यावर तुम्ही हक्क सांगायचा नाही, एवढं कबूल करा." बहिणीने जागच्या जागी कबूल केलं. मग अण्णा म्हणाले, साहेब निघाले की निघतो. साहेब म्हणाले, अण्णा निघाले की कळवा. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली!

दहा वाजता बहिणीने स्वतःचं कुलूप काढून ठेवलं. उरलेल्या दोन कुलपांकडे बघत म्हणाली, "दादा, पहार आण. तोड ती कडी."

पहार आणली मी. हातात धरून उभाही राहिलो.

"नोकरी जाईल गं माझी."

"माझे मासे चाललेत."

"जरा थांब. येतीलच ते."

आले. दीड वाजता, दोघं एकाच गाडीतून, वाटेत जेवून. अण्णा दात कोरत उतरले. दोन कुलपं निघाली, चाक फिरलं, पाणी फेसाळत आत आलं आणि उलट्या पडलेल्या पांढऱ्या पोटांना बाजूला लोटत पसरलं. एव्हाना वास सुटला होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. अण्णा म्हणाले, "च् च्, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?" शिसारी आली मला, माशांची नाही.

मग तिथेच माझ्या खोलीत बैठक बसली. दोन वर्षांत ज्यांचं कशावर म्हणून जमलं नाही, त्यांचं दहा मिनिटांत जमलं. साहेबांनी वाचून दाखवलं, "पहाटे उष्म्यामुळे मासे मृत झाले. समितीने तातडीने झडप उघडली."

"धादांत खोटं!" बहीण उठलीच. "सकाळी जिवंत होते. दादाने डोळ्यांनी बघितलेत. सांग रे दादा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "चौकीदार, साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. सकाळी मासे जिवंत पाहिलेत तुम्ही?"

सकाळपासून या दोघांना मनातल्या मनात घातलेल्या शिव्या अशा जिभेच्या टोकावर होत्या. एकसुद्धा बाहेर पडली नाही.

"अंधार होता साहेब," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

ऐन उन्हाळ्यात सकाळी सहाला अंधार! अण्णांनी लगेच मान डोलावली. बहीण ओरडेल असं वाटलं, पण ती सरळ बाहेर गेली.

सही करून मीही मागोमाग गेलो. तिने पदर खोचला होता, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मेलेले मासे टोपलीत भरत होती. चाळीस घरांतल्या बायका काठावर उभ्या होत्या. मी विजार वर करून पाण्यात पाय घातला.

"तू नको," ती मान वर न करता म्हणाली. "आत जा. चहा मागवतील ते आता, तुझ्यासाठीही."