चोवीस तास कोरडे डोळे

मोनालीने कापसाने डाव्या पापणीवरचं काजळ पुसलं आणि तिचा हात थांबला. तिने वरचा दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिलं. पापणीच्या बाहेरच्या टोकाला, तांदळाचे दोन दाणे मावतील एवढ्या जागेत, एकही केस नव्हता. तिथली कातडी पांढरट होती.

"ताई, इथे काही लागलं होतं का?"

"हो. अकरा वर्षं झाली," दिपमाला पडल्या पडल्या म्हणाली. "टाके घातले होते. तिथे परत केस आलेच नाहीत."

"कशाने लागलं?"

या प्रश्नाचं उत्तर दिपमालाला पाठ होतं. पडले, ओट्याच्या कोपऱ्यावर. पहिल्यांदा ते तिने दिलंच नव्हतं, तिच्या सासूने दिलं होतं. धुळ्याच्याच एका दवाखान्यात डॉक्टरांनी दिपमालाला विचारलं आणि भिकुबाई मधेच म्हणाल्या, "पडनी ती. ओटावर." त्यानंतर ती स्वतःच ते इतक्या जणांना सांगत आली होती की कधी कधी तिला तो ओटा खरंच दिसायचा.

"नवऱ्याने पट्टा मारला होता," ती म्हणाली. "त्याचं बक्कल लागलं."

बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. धुळ्याच्या देवपूर भागात, पहिल्या मजल्यावरच्या या पार्लरमध्ये ती आज पहिल्यांदा आली होती आणि समोरची पोरगी तिच्या ओळखीची ना पाळखीची. खोटं बोलायचे कष्ट कुणासाठी घ्यायचे?

मोनालीने तोंडाने च्च केलं नाही, हे दिपमालाला आवडलं.

"आता कुठे असतात ते?"

"वारले. दिवाळीनंतर, गाडी ठोकून. उद्या त्यांची पहिली आखाजी आहे."

मोनालीने चिमटा खाली ठेवला. ती धुळ्याचीच होती, तिला निराळं काही सांगावं लागलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी पितरांची घागर भरतात, उंबरठ्यावर त्यांच्या नावाने कुंकवाचं बोट ओढतात. आणि माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी असली की सकाळपासून भावकीतल्या बायका रडायला येतात. गल्लीच्या तोंडापासूनच रडण्याचा हेल सुरू होतो. मग घरातल्या विधवेने उठायचं, येणारीच्या गळ्यात पडायचं आणि तिच्यापेक्षा वरच्या आवाजात रडायचं. ती गेली की डोळे पुसून दुसरीची वाट बघायची. कोण किती रडली याचा हिशेब नंतर महिनाभर पाणवठ्यावर चालतो.

"उद्या पहिली आखाजी, आणि तुम्ही आज लॅशेस लावताय?"

"आजच लावायच्यात. तुझ्या बोर्डावर लिहिलंय ना, चोवीस तास पाणी लावायचं नाही म्हणून?"

"हो, गम पक्का होईपर्यंत. तोंड धुवायचं नाही, वाफ घ्यायची नाही."

"आणि रडायचं?"

"रडायचं तर अजिबातच नाही. सगळं सुटून हातात येईल."

"मग झालं तर," दिपमाला म्हणाली. "कोणती लावतेस ती दाखव."

मोनालीला हसू आलं. ते तिने दाबलं, पण पूर्ण दाबलं गेलं नाही. तिने उशाशी असलेला अल्बम उघडून दिपमालाच्या हातात दिला. पानापानावर नुसते डोळे होते. खाली नावं लिहिलेली. दिपमाला उठून बसली, कंपनीत पॅकिंगला लावायचा चष्मा तिने पर्समधून काढून नाकावर चढवला आणि दुकानात साडीचा पोत बघावा तसं एकेक पान बघायला लागली.

"माझ्या मुलीने हे सांगितलंय." तिने एका पानावर बोट ठेवलं. तिची पुनम जळगावला नर्सिंगला होती. आईच्या या बेताची खबर जगात तिला एकटीलाच होती. "कॅट आय."

"छान दिसतं, पण तुम्हाला नाही चालणार," मोनाली म्हणाली. "यात बाहेरच्या कोपऱ्याकडे केस लांब लांब होत जातात. तुमच्या डोळ्यांचे कोपरे मुळात थोडे खाली उतरलेत. लांब केस लावले की ते अजून ओढल्यासारखे दिसतील. तुम्ही दमलेल्या दिसाल."

"दमलेली मी तशीच दिसते. त्याला कशाला गम लागतो?"

"आणि दुसरं म्हणजे, तुमच्या डाव्या डोळ्याला बाहेर केसच नाहीत. मी कातडीला काही चिकटवत नाही. तुमच्या एका केसावर माझा एक केस, असं बसवायचं असतं. जिथे तुमचा नाही तिथे माझाही नाही."

हा हिशोब दिपमालाला एकदम पटला. तिने पान उलटलं.

"मग हे बघा. नॅचरल. तुमच्या केसांपेक्षा थोडेच लांब. एकदम साधं. लावलंय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"लक्षातच येणार नसेल तर मी सकाळी सातची बस कशाला धरली?"

आता मात्र मोनाली मोकळी हसली. तिने दिपमालाची हनुवटी दोन बोटांनी वर केली, डोळे उघडायला लावले, मिटायला लावले, बाजूला बघायला लावलं. आपल्या तोंडाकडे इतका वेळ कुणी निरखून बघितल्याला किती वर्षं झाली ते दिपमालाला आठवेना. बघण्याच्या कार्यक्रमातही पाहुण्यांनी एवढं पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला डॉल आय शोभेल," मोनाली शेवटी म्हणाली. "मधे लांब, दोन्हीकडे कमी होत जायचं. डोळा मोठा, उघडा दिसतो. वरची पापणी जड आहे ना तुमची, ती उचलल्यासारखी वाटेल. फार लांब नको, नाहीतर कामावर चष्म्याच्या काचेला घासतील. आणि तो गॅप मी झाकून देते. शेजारच्या केसावर तीन-तीन केसांचा पंखा बसवायचा आणि तिरका वळवायचा. समजणारही नाही."

"झाकू नको."

"ताई, मधे लांब लावले की तो गॅप उलट जास्त दिसणार. आता केस विरळ आहेत म्हणून पटकन कळत नाही."

"दिसू दे."

"नक्की?"

दिपमालाने आरसा हातात घेतला. तिला राग आला होता, पण या पोरीचा नाही. अकरा वर्षं तिने त्या दोन दाण्यांएवढ्या जागेची रखवाली केली होती. रोज काजळाची जाड रेघ ओढायची, पदर डाव्या बाजूने पुढे घ्यायचा, फोटोत उजवीकडून बसायचं, बोलताना मान खाली. मारणारा गावात छाती काढून फिरला आणि लपवायचं काम तिच्या वाट्याला आलं. तो गेला तरी ते काम संपलं नव्हतं.

"झाकून झाकून कंटाळले मी," ती म्हणाली. "मला शोभेल ते लाव. त्या जागेला शोभेल ते नको."

ती पुन्हा आडवी झाली. मोनालीने खालच्या पापण्यांवर पट्ट्या चिकटवल्या आणि डोळे मिटायला सांगितले. दोन तास चिमट्याची बारीक टिकटिक चालली होती. डोळे मिटलेले असताना नवरा, प्रेमराज, आठवेल अशी दिपमालाला भीती होती. आठवलाही. त्याला माती दिली त्या दिवशी ती खरंच रडली होती, तिचं तिलाच नवल वाटलं होतं. तेराव्याला पाहुण्या म्हणाल्या, बाई चांगली रडली. त्यानंतर संक्रांत झाली, होळी झाली, प्रत्येक सणाला बायका आल्या आणि प्रत्येक वेळी तिने गळा काढला. होळीला रडता रडता तिच्या लक्षात आलं की भाजीत मीठ घालायचं राहिलंय. त्याच दिवशी तिने ठरवलं, आता पुरे. प्रेमराजसाठी जेवढं रडायचं तेवढं ती तो जिवंत असतानाच रडून बसली होती.

"उघडा हळूच," मोनाली म्हणाली. तेव्हा घड्याळात बारा वाजले होते.

आरशातली बाई दिपमालाकडे टक लावून बघत होती. डोळे केवढे! मधले केस काळेभोर, वर वळलेले, आणि डाव्या टोकाला ती रिकामी जागा, अगदी स्वच्छ. मोनालीने सांगितलं तसंच झालं होतं. ती जागा आता लांबूनही दिसत होती.

"उद्या बारापर्यंत," मोनालीने दाराशी पुन्हा बजावलं. "तोवर थेंब लागू देऊ नका."

नरडाण्यापुढच्या त्यांच्या गावात दुसऱ्या दिवशी सात वाजताच ऊन तापलं. दिपमालाने कोरड्या फडक्याने तोंड पुसलं. पोळ्यांच्या वाफेला उभं राहायला नको म्हणून तिने स्वयंपाक धाकट्या जावेकडे दिला आणि आपण अंगण झाडायला घेतलं. ओटीवर भिकुबाईंनी घागर मांडली होती. वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. काल दिपमाला घरी आली तेव्हा त्या भावकीत गेल्या होत्या, आणि आज सकाळपासून त्या घागरीजवळून उठल्या नव्हत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना नीट दिसायचं, पण बघायला मान वर करायला हवी ना.

नऊच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी हेल उठला. पुढे नणंद होती, सारिका, अमळनेरहून आलेली. मागे भावकीतल्या पाचसहा जणी.

"मना भाऊ रे... मना वाघ रे..."

ती हात पसरूनच ओटीवर चढली. दिपमाला उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण तोंड वर होतं. सारिका गळ्यात पडायला आली आणि हातभर अंतरावर थबकली. हेल मधेच तुटला.

"वहिनी, हाई काय लायं तू डोयाले?"

मागच्या बायका पुढे सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "माय व!"

"पापण्या शेत," दिपमाला म्हणाली. "काल धुळाले लायन्या."

"आज मना भाऊनी पहिली घागर शे, आनि तू नटीथटीसन उभी शे? रडत बी नही?"

"मी रडाव नही, सारिका."

आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, तो कापला नाही. एवढ्यावरून भावकी तिला काय काय म्हणू शकते हे तिला ठाऊक होतं. घर सासूच्या नावावर होतं. या बायांनी तोंड फिरवलं असतं तरी तिला चाललं असतं, पण सासूने फिरवलं असतं तर या दारात राहणं मुश्कील होतं.

आणि बायका आता सासूकडेच बघत होत्या.

भिकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चार पावलं चालायला त्यांना वेळ लागला. दिपमालासमोर येऊन त्यांनी मान वर केली. आधी त्यांनी उजवा डोळा पाहिला. मग डावा. डाव्या डोळ्याच्या लांब केसांवरून त्यांची नजर बाहेरच्या टोकाकडे गेली आणि तिथेच राहिली.

दिपमालाने मान खाली घातली नाही. पदर पुढे ओढायला हात आपोआप उठला होता, तो तिने कमरेशी घट्ट धरून ठेवला. बघा, अक्का, तिच्या मनात आलं. एवढी वर्षं बघितलं नाही, आज बघा.

मग भिकुबाई बायकांकडे वळल्या.

"तिले रडावू नका," त्या म्हणाल्या. "डोयाले पानी लागाले नको. मना ऑपरेशनना वखतले मालेबी तसंच सांगेल व्हतं."

"का बरं?" सारिकाने विचारलं. "काय व्हयनं तिना डोयाले?"

"लागेल शे तिले."

"कव्हय?"

भिकुबाईंनी एकदा घागरीकडे पाहिलं.

"जुनं शे," त्या म्हणाल्या.

सारिका आईकडे बघत राहिली, मग वहिनीच्या डाव्या डोळ्याकडे. मागच्या बायकांपैकी दोघींनी खाली बघितलं. जुन्यांपैकी होत्या त्या, शेजारच्याच घरातल्या. त्या रात्री भिंतीपलीकडे त्यांनाही ऐकू आलं असणार.

"कवलोंग?" भिकुबाईंनी हलक्या आवाजात दिपमालाला विचारलं.

"बारालोंग, अक्का."

म्हातारीने मान हलवली. तिने कोपऱ्यातला पाट पायाने ओढत ओढत आणला, दिपमालाच्या पुढ्यात, उंबरठ्याला लागून टाकला आणि त्यावर बसली. आता ओटीवर येणाऱ्या बाईला आधी भिकुबाईंच्याच गळ्यात पडावं लागणार होतं.

"मंग मी बसस आठे," ती म्हणाली. "तू जाय, त्या बायास्ले पानी आन."

गल्लीच्या तोंडाशी दुसरा हेल उठला. भिकुबाईंनी पदर सावरला आणि दोन्ही हात पसरले. दिपमाला आत जाऊन तांब्या भरायला लागली. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून तिने तोंड बाजूला केलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला वाटलं की आता आपल्याला रडू येईल. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला अजून अडीच तास होते.