खंडाचा खुलासा

त्रुटीसाहेबांनी माहितीपत्रकावर पट्टी आडवी ठेवली, तिसऱ्या डॉक्टरांच्या परिचयातल्या दोन तारखांखाली लाल रेघ ओढली आणि समाधानाने मान हलवली. शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती मान हलताना पाहून तिने कपाळाला हात लावला.

"काय सापडलं आता?"

"खंड," ते म्हणाले. घोगऱ्या आवाजातसुद्धा आनंद लपत नव्हता. "चांगला दीड वर्षाचा."

चौतीस वर्षं त्यांनी आस्थापना शाखेत काढली होती. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाची कागदपत्रं त्यांच्या टेबलावरून जात, आणि जाता जाता निम्मी तिथेच अडकत. कुणाच्या दाखल्यात जन्मतारीख खोडलेली असे, कुणाचा अनुभव वयापेक्षा जास्त भरे. 'त्रुटी' एवढा एकच शेरा मारून ते फाईल परत करत, म्हणून खात्यात त्यांना सगळे त्रुटीसाहेबच म्हणत आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. निरोप समारंभात मानपत्र वाचून झाल्यावर, त्यात रुजू होण्याची तारीख चुकल्याचं त्यांनी व्यासपीठावरूनच जाहीर केलं होतं.

आता त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ होती. घशाच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, किरणोपचार लगेच सुरू केलेत तर गाठ जाईल आणि आवाजही राहील; रेंगाळलात तर स्वरयंत्रच काढावं लागेल. या केंद्रात किरणोपचाराचे तीन डॉक्टर होते. दुसरा कुणी असता तर ज्याचं दार उघडं दिसलं त्याच्याकडे गेला असता. त्रुटीसाहेबांनी स्वागतकक्षातून तिघांचा परिचय छापलेलं माहितीपत्रक मागून घेतलं आणि पडताळणी सुरू केली. त्याला दहा दिवस झाले होते.

पहिले डॉक्टर सर्वांत ज्येष्ठ. 'तीस वर्षांचा अनुभव' असं त्यांच्या फोटोखाली लिहिलं होतं, पण पदवीच्या सालापासून मोजल्यावर अठ्ठावीसच भरत होती. त्रुटीसाहेबांनी तसं तोंडावर सांगितलं. डॉक्टर मनापासून हसले आणि म्हणाले की, शिकत असताना रात्रपाळ्या केल्या त्या धरून तीस. 'प्रशिक्षणकाळ अनुभवात धरता येत नाही,' असं वहीत नोंदवून त्रुटीसाहेब उठले. दुसरे डॉक्टर परदेशात शिकून आलेले. त्यांच्या परिचयात पदकं इतकी होती की फोटोला जागा जेमतेम उरली होती. परदेशातलं प्रशिक्षण किती दिवसांचं, या प्रश्नावर त्यांनी आधी घड्याळात पाहिलं, मग सहा आठवड्यांचं, असं सांगितलं. "त्यात सुट्ट्या किती?" या पुढच्या प्रश्नावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बायको या सगळ्याला विटली होती. स्वागतकक्षातल्या मुलीला तिने सांगितलं होतं की, लग्न ठरताना या माणसाने माझा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता, तुमचे डॉक्टर काय घेऊन बसलात! मुलगी हसली, पण आज सकाळी तिनेच फोन करून सांगितलं होतं की आता आणखी दिवस घालवू नका, आज तिसऱ्या डॉक्टर आहेत, त्यांना भेटा आणि काय ते ठरवा.

तिसऱ्या डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या बाई होत्या. दोघं आत गेले तेव्हा समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी मानेच्या स्कॅनची आडवी चकती दिसत होती आणि त्या माउसने गाठीभोवती बारीक रेघ ओढत होत्या. रेघ पूर्ण झाली, त्यांनी पुढची चकती आणली, तिच्यावर नजर टाकून पुन्हा मागचीवर आल्या आणि रेघ जराशी आत घेतली. मग खुर्ची वळवली.

"बसा काका. काकू, तुम्हीपण. तुमच्याबद्दल आमच्या मोठ्या सरांकडून ऐकलंय."

त्रुटीसाहेबांनी माहितीपत्रक पुढे सरकवलं. एम.डी.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आपल्याला साडेचार लागली आहेत, मधल्या दीड वर्षाचा उल्लेख नाही, तरी खुलासा व्हावा, असं ते म्हणाले. बायकोने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षांत खंडाचे खुलासे त्यांनी टोपलीभर ऐकले होते. कुणाची आई आजारी असे, कुणाला टायफॉईड झालेला असे. नोंदींवर विश्वास ठेवायचा तर टायफॉईड हा आजार नोकरी लागण्याआधीच होतो आणि बरोबर एक वर्ष टिकतो.

"नापास झाले होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फिजिक्सच्या पेपरात. तीनदा."

त्रुटीसाहेबांचं पेन वहीवर टेकून राहिलं.

"आमच्यात किरणांचं गणित यावं लागतं. मला यायचं, पण घाई असायची. तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती. तेव्हापासून प्रत्येक हिशोब दोनदा करते, तिसऱ्यांदा आमच्या फिजिसिस्टकडून तपासून घेते. त्यांना कंटाळा येतो माझा."

बायकोने खिडकी सोडून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तिने असा क्वचितच पाहिला होता. समोर आलेला कागद पहिल्या झटक्यात खरा निघावा, याची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि बगलेतली फाईल टेबलावर ठेवली. ही फाईल त्यांनी ना पहिल्यांना दाखवली होती, ना दुसऱ्यांना.

फाईल पाहण्यासारखी होती. अनुक्रमणिका, पान क्रमांक, कडेला रंगीत चिकटपट्ट्या. डॉक्टरबाईंनी एकेक पान वाचलं, चौथ्यावर थांबल्या, पाचवं पाहिलं आणि पुन्हा चौथ्यावर आल्या.

"काका, आता माझा एक प्रश्न. चौथ्या पानावर चिठ्ठी आहे. दुर्बिणीने तपासलं, डाग संशयास्पद आहे, लगेच तुकडा काढून तपासावा, असं लिहिलंय. ही फेब्रुवारीतली. पाचव्या पानावर तुकड्याचा रिपोर्ट आहे, तो ऑक्टोबरचा. हे मधले आठ महिने?"

ती चिठ्ठी काढून ठेवणं काही अवघड नव्हतं. फाईल लावताना त्यांनी ती दोनदा काढलीही होती. पण चौथं पान नसलेली फाईल सादर करायची, हे त्यांच्या हातून झालं नव्हतं.

"तेव्हा सर्दी..." त्रुटीसाहेबांनी सुरुवात केली आणि थांबले. स्वतःचा आवाज त्यांना फार ओळखीचा वाटला. असे आवाज त्यांनी टेबलापलीकडून शेकड्यांनी ऐकले होते. त्यांनी पट्टी उचलली, सरळ केली, परत ठेवली.

"घाबरलो होतो," ते म्हणाले. "घरी सर्दी सांगितली. हिला काही माहीत नव्हतं."

बायकोकडे पाहायचं धाडस त्यांना होईना. आता ती काय बोलेल, किती बोलेल, याचा अंदाज घेत ते मान खाली घालून बसले.

"चिठ्ठी मला मार्चमध्येच सापडली होती," बायको म्हणाली. "तुमच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली. वाचली आणि होती तशी परत ठेवली."

त्रुटीसाहेबांनी मान वर केली. "विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सर्दी म्हणत होतात. मला वाटलं, मी काही विचारलंच नाही तर ती सर्दीच राहील." तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "रोज सकाळी तुमचा आवाज ऐकायची. आज जरा बरा आहे, असं रोज वाटायचं मला."

डॉक्टरबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि मग फाईल मिटली. तेव्हा आला असतात तर सोपं गेलं असतं, आता थोडं कठीण आहे; पण गाठ अजून आटोक्यात आहे, आवाज वाचवता येईल असं मला वाटतं, असं त्या सरळ म्हणाल्या. त्यासाठी, किरणं देताना मान हलू नये म्हणून लागणारा चेहऱ्याचा साचा आजच करून घ्यायला हवा. त्या खोलीत आत्ता जागा रिकामी आहे. त्यांनी छापील संमतीपत्र काढलं, भराभर भरलं आणि त्रुटीसाहेबांपुढे ठेवलं.

त्यांनी ते बायकोकडे सरकवलं. "तू वाच."

तिने चष्मा लावला आणि बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"अहो, वय चुकलंय. अडुसष्टचं एकोणसत्तर केलंय."

"असू दे," त्रुटीसाहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.