मुका झालेला दरवाजा

“मॅडम, आता आतलं काहीच बाहेर ऐकू येणार नाही हं,” माझ्या कडांना नवं रबर बसवून झाल्यावर फिटर म्हणाला.

“मग छानच की! थंडीसुद्धा बाहेर येणार नाही,” मॅडम हसल्या आणि त्यांनी मला लोटलं. मी इतका अलगद मिटलो, की माझा आवाज मलाच आला नाही.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या कोल्ड रूमचा. तुमच्या घरातल्या दरवाजासारखं माझं नाही. माझा एक गाल कायम बर्फात असतो आणि दुसरा उकाड्यात. दोन पत्र्यांच्या मधे फेस ओतून मला घडवलं. तो फेस फुगला, घट्ट झाला आणि तेच माझं काळीज बनलं. माणसाच्या तोंडाच्या उंचीवर मला एक गोल काच बसवली. तेवढाच माझा डोळा.

माझ्यातून रोज खोकी आत जात आणि बाहेर येत. ती रचायचं काम गारेगारकाकांचं. खरं नाव कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. जाड कोट आणि कानटोपी घालून ते आत बेसूर गात असत.

“काका, गाऊ नका हो, आइस्क्रीम नासेल!” पॅकिंगच्या मुली ओरडायच्या.

“नासतंय कसलं? गोठलंय बिचारं. पळून तरी कुठे जाणार?” आतून उत्तर यायचं.

ते बाहेर ऐकू यायचं, कारण माझं रबर फाटलं होतं. त्या फटीतून काकांचं गाणं यायचं आणि पांढरी वाफही पायांवर वाहायची. उंबऱ्याशी बर्फ साचायचा. भिंतीमागचा कॉम्प्रेसर दम लागल्यासारखा अखंड धापा टाकायचा. गेलेली थंडी पुन्हा भरून काढायची म्हणजे किती वीज! पण माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता?

मग या मॅडम आल्या. कारखान्याची वीज वाचवायची, हेच त्यांचं काम. घरी तान्ही मुलगी. घाईत बांधलेले केस, खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. त्यांनी माझ्या कडेवरून तळहात फिरवला, मुलाचा ताप बघावा तसा. “इथून वीज वाहून चाललीय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी रबर बदललं. पंख्यांचा वेग कमी केला. दिवा म्हणजे उजेड आणि वर उष्णताही. ती उष्णता काढायला पुन्हा वीज लागते. म्हणून आपोआप विझणारे दिवे लावले. माझ्या माथ्यावर, आतल्या बाजूला, एक यंत्राचा डोळा बसला. मधल्या वाटेवर हालचाल दिसली तर दिवे चालू, नाहीतर बंद.

कॉम्प्रेसर शांत झाला, बिल उतरलं. मोठे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “या पठ्ठ्याला हार घाला रे!” फलकावर माझा फोटो लागला.

मी मात्र आतून धास्तावलो होतो. काकांचं गाणं माझ्या आतल्या गालावर यायचं आणि तिथेच थांबायचं. कधी कधी काका कोपऱ्यात असतानाच दिवे विझायचे, ते मधल्या वाटेवर आले की पुन्हा लागायचे. आणि माणसांना एक नवीन सवय लागली होती. दार उघडून बघायचंच नाही, नुसती काच बघायची. काच काळी म्हणजे खोली रिकामी. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या दिवशी पाळी संपत आली होती आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. काका अगदी मागच्या कोपऱ्यात गेले. रचलेली खोकी घसरली आणि त्यांचा पाय खाली अडकला.

“अरे, कोणी आहे का रे?”

हाक माझ्यावर आदळली. यंत्राच्या डोळ्याला मधली वाट रिकामी दिसली. दिवे विझले.

अंधारात काकांनी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. मग ते गाऊ लागले, कुणी तरी आवाज ओळखेल म्हणून. त्या गाण्याइतकं भीतीदायक मी काही ऐकलं नाही. माझ्या दुसऱ्या गालावर दुपारचं ऊन होतं, मुली हसत हात धूत होत्या. मधे फक्त मी.

वॉचमन आला. त्याने काचेवर नजर टाकली आणि मला कुलूप घातलं.

तेवढ्यात मॅडम पर्स सावरत, फोनवर बोलत आल्या.

“झोपलीय का ती?”

“हो गं. अगदी गप्प आहे,” स्पीकरवरून त्यांचा नवरा म्हणाला.

“गप्प म्हणजे? श्वास बघितलास?”

“अगं बाई, आत्ताच तर बघितला!”

“पुन्हा बघ. मूल गप्प झालं की आधी उठून बघायचं.”

फोन ठेवून त्या चार पावलं पुढे गेल्या आणि थबकल्या. मागे वळल्या. माझ्यावर कान टेकला. काहीच नाही. त्या कानाची ऊब मला कळली. पलीकडून येणारं गाणं मला त्या कानात ओतता येईना.

“कुलूप काढा.”

“मॅडम, दिवा बंद आहे ना! काका गेले असतील केव्हाच.”

“जाताना बघितलंत तुम्ही?”

वॉचमनने डोकं खाजवलं. “तसं... बघितलं असं नाही.”

मी उघडलो. पांढरी वाफ लोटली, दिवे लागले. वाट रिकामी होती.

“बघा, म्हटलं नव्हतं?” वॉचमन म्हणाला.

मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं. कोपऱ्यातून एक बेसूर, जवळजवळ आवाज नसलेलं गाणं येत होतं.

काकांना उचलून उन्हात आणलं तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. दात वाजत असतानाही ते म्हणाले, “मॅडम, दिव्याबरोबर मलाही विझवताय की काय!” मॅडम हसल्या आणि तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडल्या.

त्यांनी माझं रबर काढलं नाही, जुने दिवेही परत आणले नाहीत. “वाचवायची ती वीज. माणूस विसरायचा नाही,” एवढंच म्हणाल्या. मागच्या कोपऱ्यातही यंत्राचे डोळे बसले. जमिनीलगत घंटेची दोरी फिरली, पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी. आणि आता मला उघडून, आत जाऊन, हाक मारल्याशिवाय कुणी कुलूप घालत नाही. काका थोडे लंगडतात. गातात मात्र तसेच.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. बिजागऱ्या कुरकुरतात. मला पुसा, माझं रबर जपा, मला उगाच उघडा टाकू नका. पण शांतता असली की सगळं ठीक आहे, असं माझ्याकडे बघून समजू नका. हे वाचताना तुमच्या घरात कुणाचा आवाज बराच वेळ आलेला नाही? आजोबांचा? धाकट्या भावाचा? शेजारच्या एकट्या काकूंचा?

पुस्तक ठेवा खाली. आधी बघून या.