ह्यात बाई कुठं हाय?

तुळजाबाई वडवणीच्या बाजाराला आली होती ती भाजीपाल्यासाठी नव्हे. तिला भांडण मिटवायचं होतं, आणि त्यासाठी हेडफोन पाहिजे होता. आठ दिवसांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं, तर तिनं त्याला येड्यात काढलं असतं.

झालं होतं असं. दूध सोसायटीची निवडणूक लागली होती. चेअरमन आप्पारावाची जीप सकाळपासून गावात धुरळा उडवत फिरायची, अन् टपावरच्या भोंग्यातून एक बाई ओवी म्हणायची:

गाईच्या डोळा पानी, चारा घिऊन आलं कोन
आप्पाराव माझा बंधू, त्याचं फेडू कसं रिन

मागं ढोलकी, बेंजो, आणि ओवी संपली रे संपली की एक बाप्या ओरडायचा, ‘कपबशीवरच शिक्का मारा!’

ह्या बंधूचे गुण सगळ्या गावाला ठाऊक होते. पाणी आटलं तेव्हा सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. माणसं जनावरांजवळच राहायला गेली. महिनाभरानं तपासणीला साहेब आला, त्यानं विचारलं, “चारा पुरतो का?” सगळे बाप्ये आपापल्या चपला बघत उभे राहिले. एकटी कडूबाई बोलली, “कागदावर पुरतो, साहेब. दावणीला निम्माच येतो.” साहेबाची गाडी फाट्यावर पोचली नसेल, तोवर आप्पारावाच्या माणसांनी कडूबाईच्या हरणी गाईचं दावं सोडून तिला छावणीबाहेर हाकललं. शेजारी तुळजाबाईची बैलं होती, ‘ही बी तिच्याच पार्टीची’ म्हणून ती पण हाकलली. तुळजाबाईची बैलं तिच्या माहेरी नेली म्हणून वाचली. हरणी गाभण होती. अकराव्या दिवशी ती बसली, ती परत उठली नाही.

आणि आता त्याच माणसाला ‘बंधू’ म्हणणारी ती भोंग्यातली बाई कोण? कडूबाई दारात येऊन उभी राहिली, कमरेला पदर खोचून.

“तुळजे, माह्या हरनीला खाणाऱ्याला बंधू म्हनतीस व्हय गं? काय दिलं त्यानं तुला?”

“मी? बया, मी कावून म्हनू? त्यो आवाज माझा न्हाई!”

“अकरा हंगाम तुह्या शेजारच्या फडात ऊस तोडलाय मी. तुहा आवाज मला कळंना?”

“भवानीची आण घेऊन सांगते, माझा न्हाई.”

“ऱ्हाऊ दे. देवीला मधी वढू नको,” कडूबाई म्हणाली अन् निघून गेली.

तेव्हापासून बोलणं बंद. टँकर आला की तुळजाबाई ह्या बाजूला, कडूबाई त्या बाजूला. कारखान्यावर दोघींच्या राहायच्या कोप्या कायम शेजारी असायच्या. एकीला ताप आला की दुसरी तिच्या वाट्याचा ऊस तोडून तिच्या मोळ्या बांधायची. सख्खी बहीण करणार नाही एवढं ह्या बाईनं केलं होतं, आणि आता ती रस्त्यात दिसली की तोंड फिरवायची. तुळजाबाईला अन्न गोड लागेना.

बरं, ती खोटं बोलत नव्हती. भोंग्यातला आवाज तिला खरंच परका वाटत होता, किनरा, नाकातून आल्यासारखा. आणि आपला आवाज बाहेरून कसा लागतो हे कोणत्या बाईला माहीत असतं? आप्पारावाची माणसं सांगत होती की गाणारीण लातूरची आहे, पैसे देऊन आणलीय. तुळजाबाईनं ते खरं धरलं.

तिचा नवरा गहिनीनाथ, त्याच्याकडे काडेपेटीएवढं एमपीथ्री होतं. हंगामात कोल्हापूरकडून आणलेलं. वडवणीच्या मोबाइलच्या दुकानात प्रचाराचं गाणं फुकट भरून मिळतंय म्हणून ह्या शहाण्यानं ते पण भरून घेतलेलं, आणि बाजेवर पडून ऐकत मान डोलवायचा. वर बायकोलाच सांगायचा, “मानूस हरामखोर हाय, पन बाई लई ग्वाड गाती.”

तुळजाबाईनं वायर हिसकावून कानात घातली. एक कान मुका. दुसऱ्यात नुसती खरखर, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. ह्यात काय कळणार कपाळ? तिनं ठरवलं, चांगला हेडफोन आणायचा, कडूबाईच्या दोन्ही कानांवर बसवायचा, अन् म्हणायचं, ऐक, नीट ऐक, ही मी हाय का ते सांग.

म्हणून ती आता एमपीथ्री घेऊन बद्रीनाथच्या त्याच मोबाइलच्या दुकानात उभी होती. बद्रीनाथनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि खोक्यातून सगळ्यात स्वस्त वायर काढून पुढं टाकली.

“घ्या मावशी. ह्येच नेत्यात समदे.”

“समदे नेत्यात म्हनून मी न्यायची? मडकं घेताना बी टिचकी मारून घेते मी. लाव इथं, ऐकू दे.”

“ऐकू न्हाई देत कुनाला. कानाचा माल हाय.”

“मंग ठिव तुह्या कानात!” तुळजाबाई एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. “गरीब आलं की पुडीतला माल गळ्यात मारायचा! पैसे रोख देनार हाय मी, उधार न्हाई.”

बद्रीनाथनं मुकाट्यानं दुसरा काढला. मोठ्या गोल टोप्यांचा, लाल, चकचकीत. तो कानावर बसला आणि तुळजाबाईच्या डोक्यात ढम् ढम् सुरू झालं.

“बेस बघा मावशी, बेस! काळीज हालतं का न्हाई?”

“काळीज हालवून काय करू? नुसता ढोल हाय. ह्यात बाई कुठं हाय?”

तिसरा लावला. त्यात बाई होती, पण पत्र्याच्या डब्यात बसून गात होती. चौथा एवढा घट्ट की कानशिलं दुखायला लागली. पाचव्यात बेंजो पुढं येऊन नाचत होता आणि बाई मागं कुठंतरी. तुळजाबाईनं एकेक काढून फळीवर आपटला. पोरीला स्थळ बघावं तसं तिनं बारकाईनं बघून नाकारला, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, “बाई कुठं हाय?”

बद्रीनाथ आधी वैतागला, मग त्याला गंमत वाटायला लागली. गिऱ्हाईक येतं ते रंग बघतं, कंपनीचं नाव बघतं, नाहीतर आवाज किती मोठा ते बघतं. गाणारीण शोधणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यानं गल्ल्याखालून एक काळा हेडफोन काढला. कानावरची गादी एका बाजूला फाटलेली, वायर मात्र जाड.

“ह्यो माझा सोताचा. कॅसेटी भरायचो तवापासूनचा. दिसायला काय न्हाई, पन खोटं बोलत न्हाई.”

तुळजाबाईनं तो लावला. बाजाराचा कालवा एकदम लांब गेला. ढोलकी एका कानाला, बेंजो दुसऱ्या कानाला, आणि मधोमध बाई. तिनं ‘गाईच्या’ म्हणून श्वास घेतला, तो श्वाससुद्धा ऐकू आला. ‘पानी’वर आवाज जरा चिरकला. फडात पाचटाची धूळ खाऊन खाऊन तुळजाबाईचा आवाज तिथंच चिरकायचा.



छावणी उघडली तो दिवस तिला आठवला. पहिली चाऱ्याची गाडी आली, आठ दिवसांच्या उपाशी जनावरांनी तोंड घातलं, आणि बायांनी ओव्या धरल्या. जो देतो त्याचं नाव ओवीत गुंफायचं, त्याला भाऊ म्हणायचं, ही आपली जुनी रीत. मामाचं गुंफतात, पाहुण्याचं गुंफतात, तसं तिनं आप्पारावाचं गुंफलं होतं. तोंडातून निघालं आणि ती विसरून पण गेली. कुणाच्या तरी मोबाइलनं ते विसरलं नव्हतं. शहरात नेऊन त्याच्यावर बेंजो चढवला होता.

म्हणजे भवानीची आण खोटी घेतली गेली. तुळजाबाईचा पहिला राग स्वतःवरच निघाला. लागलीच दुसरा गहिनीनाथवर. बावीस वर्षं शेजारी झोपतोय हा बाप्या, आणि ‘बाई लई ग्वाड गाती’ म्हणतो! आणि ह्या दोन्ही रागांच्या खालून जो तिसरा वर आला, त्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरणी मेली तेव्हा तुळजाबाईचा आवाज आप्पारावाच्या खिशात होता.

तेवढ्यात दुसरी ओळ आली आणि तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. तिच्या आवाजामागं आणखी एक बाई होती. भोंग्यात नव्हती, नवऱ्याच्या वायरीत नव्हती, लाल टोप्यांत नव्हती. इथं होती. जाड, बसकी, शेवटचा शब्द ओढून धरणारी. ‘आप्पाराव माझा बंधू...’

कडूबाई. मागं धरायची ती कडूबाईच. दुसरं कोण धरणार?

“मावशी, कोन हाय हो ही गानारीन?” बद्रीनाथनं विचारलं.

“मी हाय,” तुळजाबाई म्हणाली. “ह्योच दे. फाटका हाय, भाव नीट लाव.”

“इकायचा न्हाई त्यो.”

“कावून न्हाई? माझा आवाज मला न इचारता फुकट वाटलास की दुकानातून!”

बद्रीनाथनं फार ताणून धरलं नाही.

गावात उतरली ती थेट कडूबाईच्या दारात. वाटेत तिनं बोलणं तयार केलं होतं, चांगलं धारदार. मला बोलतीस, आधी आपलं बघ! कडूबाई शेणी रचत होती. तुळजाबाईनं हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला आणि बटण दाबलं. कडूबाईनं आधी हात झटकला. मग तिचा हात खाली आला.

ओवी एकदा झाली. कडूबाई म्हणाली, “पुन्यांदा लाव.”

दुसऱ्यांदा झाली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा ती उकिडवी बसली आणि तिनं डोळे मिटले.

“तुझा बी आवाज हाय, कडूबाई,” तुळजाबाई म्हणाली. धार कुठं गेली कोण जाणे. “आन माझी बी आण खोटी ठरली.”

“ऐकलं की. दोघी बी हावोत,” कडूबाई म्हणाली. “आन ओवी सरल्यावर मागं हरनी हंबरतीया. तू ऐकलीस का?”

तुळजाबाईनं ऐकली नव्हती. तिनं हेडफोन घेतला, ऐकलं, आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला. दोघी तिथंच बसून रडल्या, आणि रडताना आप्पारावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग कडूबाई उठली, शेणाचे हात धुतले. टँकरचं पाणी होतं तरी दोन तांबे घेऊन चांगले खसखसून धुतले.

“पारावर सभा हाय त्याची,” ती म्हणाली. “ऊठ.”

ऊन कलायला लागलं होतं. पारावर गर्दी होती. आप्पाराव गादीवर रेलून बसला होता, गळ्यात हार. दोघी बाया सरळ पुढं आलेल्या त्यानं पाहिल्या, पण माणूस पक्का. त्यानं हसून माईक पुढं केला.

“या, या! आमच्या भगिनीच आल्या. ज्या बाईची ओवी तालुकाभर गाजती, ती बाई आपल्याच गावची हाय बरं का मंडळी. म्हना ताई, म्हना!”

लातूरची बाई एका वाक्यात गावची झाली. तुळजाबाईनं माईक घेतला. श्वास घेतला, तो भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू गेला. ‘गाईच्या डोळा पानी...’ तिनं उचललं. आप्पाराव मांडीवर ताल धरून मान डोलवायला लागला.

गाईच्या डोळा पानी, दावं सोडियलं कोनी
आप्पाराव माझा बंधू, त्यानं मारली हरनी

मांडीवरचा हात थांबला. एक माणूस वायर काढायला धावला, तर गहिनीनाथ त्याच्या आडवा उभा राहिला. आज त्याला आवाज ओळखू आला होता. मागून कडूबाईनं दुसरी ओळ धरली, जाड, बसकी, ‘हरनी’वर ओढून. पारामागं छावणीतल्या बाया बसल्या होत्या. त्यांची जनावरं अजून आप्पारावाच्याच दावणीला बांधलेली होती. त्यांनी एकमेकींकडं बघितलं, आणि मग त्या पण मागं धरायला लागल्या.